‘काळाचा घाला’ लिहून मोकळं होऊ नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हिवाळ्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर आमच्या गावची एक बातमी होती. हेडिंग होतं, ‘काळाने घातला घाला, ओलित करताना कास्तकाराचा मृत्यू’. बातमी चारपाच ओळींची, त्यात नाव गाव वय बरोबर, मागं बायको दोन लेकरं म्हातारी आई असा परिवार, परिसरात हळहळ, सगळं बरोबर. पण मारणारा कोण तर काळ. हे तेव्हापासून डोक्यात आहे, लिहीन लिहीन म्हणता राहून गेलं. आता परवा अक्षय तृतीया झाली, भेंडवळच्या घटमांडणीचं पावसापाण्याचं भाकीत सगळीकडं छापून आलं आणि त्याच आठवड्यात तुमच्याच वाचकांच्या पत्रात कोणीतरी लिहिलं की देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं, त्यामुळं जे व्हायचं ते होतंच, माणसानं उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये. ते वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आधी सांगतो की मी देव मानतो. आमच्या घरी माळ आहे, एकादशी आहे, बाप पंढरपूरला जायचा. देवाला मागचं पुढचं कळतं हेही मानतो, गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत सरळ सांगतात की झालेली, असलेली आणि पुढं होणारी सगळी भूतं मला माहीत आहेत, मला मात्र कोणी जाणत नाही. ते मला मान्य आहे. माझा प्रश्न पुढचा आहे, की त्याला माहीत आहे म्हणून माझे हात बांधले जातात काय? आणि त्याहून मोठा, की त्याला माहीत होतं म्हणून दुसरे सगळे सुटतात काय?

भेंडवळचंच घ्या. जळगाव जामोद तालुक्यात आहे ते, बुलडाणा जिल्हा. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात, वाघ घराण्याकडं आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट आखतात, गोलाकार अठरा प्रकारचं धान्य मांडतात, मधी खड्डा करून चार ढेकळं ठेवतात पावसाच्या चार महिन्यांची, त्यावर पाण्याची घागर, त्यावर पापड कुरडई वडे, आणि पानविडा राजाचा. रात्रभर तिथं कोणी जात नाही आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला बघतात की कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं. खानदेश मराठवाड्यातूनसुद्धा माणसं येतात. याला शास्त्राचा आधार नाही असं म्हणणारेही आहेत आणि दरवर्षी तो वाद होतो, तो मी इथं घेत नाही. मला फक्त एवढं दिसतं की ते भाकीत ऐकून कोणताच कास्तकार घरी झोपत नाही. ‘जूनमध्ये पाऊस कमी’ ऐकलं की तो म्हणतो चला पेरणी आठ दिवस मागं ढकलू, सोयाबीन थोडं कमी करून तूर वाढवू. म्हणजे पुढचं कळलं, खरं असो खोटं असो, तरी माणूस त्यातून हात चालवायलाच शिकतो. हवामान खात्याचंही तेच. ते एप्रिलमध्ये पहिला अंदाज देतात, देशाची मान्सूनची सरासरी 87 सेंटिमीटर धरून इतके टक्के पाऊस, आणि प्रामाणिकपणे सांगतात की यात पाच टक्के इकडंतिकडं होऊ शकतं. त्यामुळं त्या अंदाजानं आपल्याला कोणी बांधून टाकलं असं वाटतच नाही.

देवाचं मात्र तसं नाही, तिथं पाच टक्के इकडंतिकडं नाही. खरी गाठ इथं आहे आणि ती गाठ सोपी आहे असं मी म्हणणार नाही. मी या वर्षी पऱ्हाटी म्हणजे कपाशी लावणार हे देवाला कालच माहीत असेल, आणि देवाचं माहीत असणं चुकूच शकत नसेल, तर मला सोयाबीन पेरता येईल का? नाही म्हटलं तर मी बैल झालो, तिफणीला जुंपलेला. हो म्हटलं तर देव चुकला.

मला बीएला तत्त्वज्ञान विषय होता, अमरावतीला. तेव्हा हे वाचलं होतं आणि तेव्हापासून वावरात काम करता करता यावर डोकं चालवत आलो. मला जे उत्तर पटलं ते असं. सातबाऱ्यावर पीकपेरा लिहितात. गट नंबर अमुक, कपाशी इतकी, तूर इतकी. आता वावरात कपाशी आहे म्हणून पीकपेऱ्यात कपाशी लिहिलेली असते, पीकपेऱ्यात लिहिली म्हणून वावरात कपाशी उगवत नाही. मी सोयाबीन पेरलं असतं तर तिथं सोयाबीन लागलं असतं. देवाच्या वहीत फरक एवढाच की ती आपल्या पेरणीच्या आधीच भरलेली आहे आणि तिच्यात चुकीची नोंद नाही. पण नोंद माझ्या पेरणीवरून आली, माझी पेरणी नोंदीवरून नाही आली. मी सोयाबीन पेरलं असतं तर त्याला आधीपासून सोयाबीनच माहीत असतं, म्हणजे देवही चुकत नाही आणि माझा हातही मोकळा राहतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीन नावाचा ख्रिस्ती आचार्य होऊन गेला, 430 साली वारला, तो म्हणायचा की तुम्हाला कालचं आठवतं म्हणून काय तुमच्या आठवणीनं कालचं घडवलं? तसंच देवाला उद्याचं दिसतं म्हणून त्याच्या दिसण्यानं उद्याचं घडत नाही. आणि त्याच्या नंतर शंभरेक वर्षांनी इटलीत बोएथियस होता, मोठा दरबारी माणूस, राजद्रोहाचा आरोप ठेवून राजा थिओडोरिकनं कैदेत टाकला आणि 524 च्या सुमारास मारून टाकला. मरणाची वाट बघत बसलेल्या त्या माणसानं कैदेत हाच प्रश्न लिहून काढला. त्याचं म्हणणं देवाला ‘आधी’ माहीत असतं हे बोलणंच आपलं आहे, देवाला काल आज उद्या नाहीच, त्याच्यासमोर सगळं एकदमच आहे. आणि समोर चालणारा माणूस मला दिसतो म्हणून काही मी त्याला चालवत नाही. मला यात सगळ्यात जास्त हे लागतं की हा माणूस कैदेत होता, त्याला कोणीतरी अन्यायानं तिथं टाकलं होतं, आणि त्यानं ‘माझ्या नशिबातच होतं’ म्हणून आरोप करणाऱ्यांना सोडून दिलं नाही, आपल्यावर कोणी काय बालंट आणलं तेही त्याच पुस्तकात लिहून ठेवलं.

आता माझ्यासमोरचा माणूस म्हणेल की तुम्ही बाहेरच्यांचं कशाला सांगता, गीतेतच लिहिलंय, अकराव्या अध्यायात, की मी यांना आधीच मारून टाकलंय, अर्जुना तू फक्त निमित्त हो. खरं आहे. विश्वरूप दाखवताना हे भगवंताच्या तोंडी आहे आणि ‘सगळं ठरलेलं आहे’ म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात पक्का पॉईंट आहे. अठराव्या अध्यायातही आहे की अहंकारानं तू लढणार नाही म्हणशील तर तुझा स्वभावच तुला लढायला लावेल, ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्यांना फिरवतो. लपवायचं काहीच कारण नाही. पण त्याच्या लगेच पुढं, एक श्लोक सोडून काय आहे ते सप्ताहात कोणी इतक्या जोरात सांगत नाही. तिथं आहे, हे सगळं गुह्य ज्ञान मी तुला सांगितलं, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. यथेच्छसि तथा कुरु. ज्याला यंत्रच समजायचं होतं त्याला कोणी ‘विचार कर आणि वाटेल तसं कर’ म्हणतो काय? सगळं ठरलेलंच होतं तर अठरा अध्याय कशाला बोलले, रथ हाकलला असता.

आणि त्याच अध्यायात अजून एक हिशोब आहे, तो तर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला पाहिजे. कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात. जागा, करणारा, साधनं, वेगवेगळ्या हालचाली म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. दैव आहे, नाही असं नाही, पण पाचवं आहे. आपल्याकडं काही झालं की पहिलंच पाचव्यावर जातात, मधले चार कोणी विचारतच नाही.

कोरडवाहूवाल्या माणसानं महाभारतातलं उद्योगपर्व वाचावं असं मला फार वाटतं. कृष्ण शिष्टाईला हस्तिनापूरला निघतो तेव्हा अर्जुनाशी बोलतो आणि उदाहरण देतो ते शेतीचंच. म्हणतो जमीन कसदार असली, कास्तकारानं चांगली कसून साफ करून ठेवली, तरी पाऊस नसला तर पीक येत नाही. कोणी म्हणेल पाणी देऊ, तो झाला माणसाचा प्रयत्न, पण तिथंही दैव पाणी आटवून टाकू शकतं. मग म्हणतो, माणसाच्या प्रयत्नानं जेवढं होईल तेवढं सगळं मी करीन, दैवाचं काम मात्र मला करता येत नाही. आता हे बोलणारा कोण आहे बघा. ज्याला सगळं ठाऊक आहे तो. दुर्योधन ऐकणार नाही हे त्याला ठाऊक नव्हतं? तरी गेला. भर सभेत बोलला, पाच गावं तरी द्या इथपर्यंत गोष्ट आली होती. ‘युद्ध होणारच आहे, मला दिसतंय, कशाला जायचं’ असं म्हणून द्वारकेत बसून राहिला नाही. ज्याला शेवट माहीत होता तोच सगळ्यात जास्त धडपडला आणि ज्यांना काहीच माहीत नाही ते आपण म्हणतो, होईल ते होईल.

कोणी म्हणेल देवानं नाही लिहिलं, तुमच्याच मागच्या जन्माचं कर्म आहे. ठीक आहे, पण मग वसिष्ठ रामाला काय सांगतात तेही ऐका, दैव म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आधी केलेला आपलाच पुरुषार्थ, आणि आजचा पुरुषार्थ जोरकस असला तर तो कालच्याला हरवतो. हे घ्या, कर्मवाल्यांकडंही सुट्टी नाही.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून एका चाचांचं वावर आहे. कोरोनात गावात मशीद मंदिर सगळं बंद होतं तेव्हा आम्ही दोघं बांधावर लांब लांब बसून बोलायचो. मी त्यांना म्हटलं, “चाचा, तुमच्यात त तकदीर पक्की मानतात, मंग तुमी मास्क काऊन लावता?” त्यांनी मला खलिफा उमर यांची गोष्ट सांगितली, नंतर मी ती वाचूनही घेतली. 639 सालच्या सुमाराची गोष्ट आहे. उमर शामकडं म्हणजे आजच्या सीरियाकडं निघाले होते, सर्ग नावाच्या ठिकाणी पोचले तर खबर आली की पुढं प्लेगसारखी साथ आहे. त्यांनी माघारी फिरायचं ठरवलं. तिथले सेनापती अबू उबैदा म्हणाले, अल्लाच्या तकदीरपासून पळता काय? उमर म्हणाले, होय, अल्लाच्या एका तकदीरपासून अल्लाच्याच दुसऱ्या तकदीरकडं पळतो. तुझे उंट घेऊन तू एखाद्या खोऱ्यात उतरलास, एक बाजू हिरवी आणि एक बाजू वाळलेली, तर हिरव्या बाजूला चारशील तेही अल्लाच्याच तकदीरनं आणि वाळल्या बाजूला चारशील तेही त्याच्याच. चाचा एवढं सांगून म्हणाले, “मंग बकऱ्या हिरव्याकडं नेणं आपलं काम नाई का भाऊ?” मला याच्यापुढं काही बोलायचं राहिलं नाही. आपल्या वारकऱ्यांच्या घरात आणि त्यांच्या घरात प्रश्नही एकच आहे आणि शहाण्या माणसांनी दिलेलं उत्तरही एकच आहे.

आता मूळ गोष्टीवर येतो.

तुमच्या बातमीत जो माणूस ‘काळाच्या घाल्यानं’ गेला तो मला दादा म्हणायचा. हरभऱ्याला पाणी देत होता. आमच्याकडं शेतीची लाईन पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्रीची, तो आठवडा रात्रीचा होता. थंडी, बॅटरी हातात, पाय चिखलात. त्याच्या धुऱ्यावरून जी तार गेली ती पावसाळ्यातल्या वादळानं खांब कलला तेव्हापासून लोंबत होती, इतकी की चारा भरलेली बंडी खालून नेता येत नव्हती. गावातल्याच पोरांनी वाळलेली बल्ली म्हणजे लाकडाचा वासा लावून ती वर उचलून धरली होती. बल्लीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, करंट उतरू नये म्हणून. तो तुकडा मी स्वतः पाहिला, उन्हानं तडकून गेला होता. त्या रात्री बल्ली सरकली.

अर्ज दिलेला होता. पोच आहे, शिक्क्यासहित, त्याच्या घरच्या ट्रंकेत बँकेच्या पासबुकात ठेवलेली. कोणत्या कार्यालयाला दिला ते मी इथं लिहीत नाही, भांडण एका कार्यालयाशी नाही. पण पोच आहे म्हणजे काय? म्हणजे माणसांना आधी माहीत होतं. तार पडू शकते, माणूस मरू शकतो, हे कागदावर लिहून दिलेलं होतं आणि कोणीतरी ते वाचून शिक्का मारला होता. देवाच्या पूर्वज्ञानावर आपण दोन हजार वर्षं वाद घालतो, त्या शिक्कावाल्या पूर्वज्ञानाचं काय?

तेरवीला एक महाराज आले होते, प्रवचन ठेवलं होतं. माणूस वाईट नाही, गळा गोड आहे, लोकांना धीर द्यायचाच त्यांचा हेतू होता हेही मला मान्य आहे. पण ते म्हणाले की श्वास मोजून दिलेले असतात, सटवाईनं पाचवीला कपाळावर जे लिहिलं त्यात कानामात्रेचा फरक होत नाही, ती रात्र ती वेळ ती जागा जन्मालाच ठरली होती, तार निमित्त. सगळे माना हलवत होते. आणि मग त्याची बायको, जी त्या दिवसांत कोणाशी बोललीच नव्हती, मागं बायांमध्ये बसली होती तिथून बोलली, “देवाले मालूम होतं नं महाराज, मंग त्यानं काऊन नाई अडवलं यायले?” एवढंच. दोघीतिघींनी तिला धरलं, गप कर बाई, असं बोलू नाई, देवाले नाव ठेवू नाई. महाराजांनी पुढं अभंग घेतला.

संपादक साहेब, तिला गप करायचा कोणालाही अधिकार नव्हता. हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारलेला नाही. युद्ध संपल्यावर कुरुक्षेत्रावर गांधारीनं हाच विचारला. तुझ्यात ताकद होती, तुझं ऐकणारी माणसं होती, तू थांबवू शकत होतास आणि तू जाणूनबुजून दुर्लक्ष केलंस, म्हणून छत्तिसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच आपसात लढून मरेल. शाप दिला तिनं. कृष्णाला. आणि व्यासांनी ते गाळलं नाही, कृष्णानं तो शाप परतवला नाही, तो खरा झाला. पुढं कृष्ण तिला उलट उत्तरही देतो, कडक देतो, की दुर्योधनाला तू आवरलं नाहीस, ही तुझीच चूक आहे आणि ती तू माझ्यावर टाकतेस. ते उत्तर बरोबर का चूक ते मी ठरवणार नाही. पण बघा, कौरवांच्या मरणाबद्दल तिथं तो तिला असं नाही म्हणत की बाई, पाचवीला लिहिलं होतं. तो कोणाची चूक ते बोलतो. आणि नंतर उत्तंक ऋषी भेटतात, तेही चिडतात, तुला शक्य असून तू का नाही वाचवलं, शाप देतो म्हणतात. त्यांच्याशी बोलताना कृष्ण दैवाचं नाव काढतो, हो काढतो, पण आधी सांगतो की समेटासाठी मी माझे सगळे प्रयत्न केले, त्यांनी ऐकलं नाही. आधी प्रयत्नाचा हिशोब, मग दैव. ज्यानं तो हिशोब दिला त्यानं खुशाल दैव म्हणावं. अर्जावर शिक्का मारून तो फायलीत टाकणाऱ्यानं म्हणू नये आणि त्याच्या वतीनं दुसऱ्या कोणी तर मुळीच म्हणू नये.

तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. देव जाणतो आणि तरी थांबवत नाही, हे मोकळ्या हाताची किंमत म्हणून समजावता येतं, की त्यानं दर वेळी येऊन तार धरली तर मग माणसाचं करणं न करणं दोन्हीला काही अर्थच उरणार नाही. पुस्तकात ते मला पटतं. तिच्यासमोर बसून ते बोलायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या लहान लेकाला अजून बाप ओलितावर गेला असंच सांगतात. पण एक मला पक्कं कळतं, की तिच्या प्रश्नातला अर्धा भाग देवाला होता आणि अर्धा आपल्याला. देवाच्या वाट्याचं देव बघेल, आपल्या वाट्याचं उत्तर आपण ‘काळाचा घाला’ लिहून बुडवलं.

सटवाईचं म्हणाल तर आमच्या घरीही पाचवीला पाट मांडतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात, दिवा रात्रभर जळत ठेवतात. माझ्या आजीची त्यावर एवढी श्रद्धा की त्या खोलीत कोणाला फिरकू द्यायची नाही. तीच आजी माझ्या धाकट्या भावाला रात्री फणफणून ताप भरला तेव्हा बंडी जुंपायला लावून भर पावसात तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. कपाळावर काय लिहिलंय ते सकाळी बघू म्हणून बसली नाही. श्रद्धा होती आणि पायही उचलला, दोन्ही एकाच बाईत. आपले जुने लोक असेच होते, हे सगळं नशिबावर टाकून हातपाय गाळून बसणं त्यांचं नाही. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, रात्री कीर्तन करायचे पण त्याआधी दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे. घाण नशिबात आहे म्हणाले नाहीत. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज काढून आयुष्यभर गावागावात हेच सांगितलं की गाव सुधारणं गावाच्या हातात आहे. या मातीतले संत हे, आणि आपण सप्ताहात काय ऐकतो?

2017 सालचं आठवा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांची नजर अधू झाली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, अळीनं धुमाकूळ घातलेला, दोन दोन औषधं मिसळून मारायची, तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाही, मजुराला डब्यावरचा लाल त्रिकोण काय सांगतो ते कोणी सांगितलेलं नाही. तेव्हाही पहिले काही दिवस गावागावात एकच बोलणं होतं, वेळ आली होती बिचाऱ्याची. मग डॉक्टरांनी, पत्रकारांनी, काही कार्यकर्त्यांनी आकडे मांडले, चौकशी लागली, तेव्हा कुठं लोकांना कळलं की यात वेळेचा नाही औषधाचा आणि निष्काळजीपणाचा भाग आहे. आणि त्यानंतर निदान थोडंतरी बदललं, किट वाटले, सकाळी वाऱ्याच्या दिशेनं फवारा असं सांगायला माणसं आली. वेळ आली होती म्हणून सोडून दिलं असतं तर एक किटही वाटला गेला नसता.

विजेचंही तसंच, आकाशातल्या म्हणतो. दरवर्षी मृगात रोहिणीत वावरात झाडाखाली उभी असलेली माणसं जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं दामिनी नावाचं ॲप काढलंय, आपल्या आजूबाजूला वीज पडायचा धोका असला तर आधी सांगतं. म्हणजे थोडंसं पूर्वज्ञान आता देवानं माणसाच्या खिशातच दिलं म्हणा. ते वापरणं न वापरणं मात्र त्यानं आपल्यावरच ठेवलं. आणि ज्याच्याजवळ साधा बटनवाला मोबाईल आहे त्याच्यापर्यंत ती सूचना दवंडीनं, मंदिराच्या भोंग्यावरून, मशिदीच्या भोंग्यावरून पोचवणं हे ज्याला माहीत आहे त्याचं काम.

तर माझी तुम्हाला विनंती आहे आणि ती मनापासून आहे. ‘काळाचा घाला’, ‘नियतीचा क्रूर खेळ’, ‘दैव बलवत्तर म्हणून बचावला’, ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ ही हेडिंगं तुमच्या पेपरातून काढा. ज्या घरात माणूस गेला त्या घरी ती कात्रणं जपून ठेवतात साहेब, लॅमिनेशन करून ठेवतात, पोरं मोठी होऊन तीच वाचणार आहेत. त्यांनी त्यात काय वाचावं? बाप काळानं नेला, की लोंबकळणारी तार अर्ज देऊनही तशीच होती? चार ओळी असल्या तरी त्यातल्या एका ओळीत लिहा की तक्रार होती का, कोणत्या महिन्यात दिली होती, त्यावर काय झालं. अपघातात गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख मिळतात, करंट लागून गेला तरी मिळतात, साप चावून गेला तरी मिळतात. त्याला पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा रिपोर्ट, सातबारा, वारसाची नोंद असे कागद लागतात. हे बातमीच्या खाली छापलं तर कितीतरी बायांची पायपीट वाचेल. आमच्या गावात तर ‘त्याची वेळच भरली होती, आता कशाला चिरफाड’ म्हणून शवविच्छेदन न करताच माती देणारे होते, मी आणि पोलीस पाटलानं हट्ट धरला म्हणून झालं. तेही नशिबात होतं म्हणायचं असेल तर म्हणा, पण हट्ट धरावा लागला.

आणि ज्या वाचकांनी लिहिलं की उगाच घोर लावून घेऊ नये, त्यांना हात जोडून सांगतो, मनाची शांती म्हणून तुमचं म्हणणं मी समजू शकतो, आपल्या हातून सगळं करून झाल्यावर रात्री झोप यावी म्हणून देवावर सोडणं चांगलंच आहे, मीही सोडतो. पण आधी करून झालं पाहिजे.

शेवटची गोष्ट. ती तार त्या घटनेनंतर ओढून घेतली. पण त्याच लाईनवर पुढं तीन खांब सोडून, नाल्याच्या अलीकडं, जिथून शाळेची पोरं पायवाटेनं जातात, तिथं दुसरी तार तशीच खाली आलेली आहे आणि तिलाही बल्लीच लावलेली आहे. त्याचा अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासहित दिला आहे, पोच माझ्याजवळ आहे, फोटो काढून ठेवले आहेत. मृग लागायला थोडेच दिवस राहिले, पहिलं वादळ आलं की नाल्याजवळची माती भुसभुशीत होते आणि बल्ली धरत नाही. तालुक्याच्या तुमच्या प्रतिनिधीला त्याच्या आत एकदा पाठवा, सकाळच्या एसटीनं आले तर स्टॅण्डवर घ्यायला मी येतो, तिथून वावरापर्यंत गाडीवर नेतो.

आपला,
एक कास्तकार
जि. यवतमाळ